डायरेक्ट केलेला पंप

जुन्या गाडीचं फ्युएल इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवायचा बेत कुणी माझ्यापाशी बोलून दाखवला, की मी त्याला एकच विचारतो : पेट्रोल पंपाला वीज कुठून देणार? बहुतेकांनी याचा विचार केलेला नसतो. मॅनिफोल्ड कुठे मिळेल, जेट कोणते घालायचे, अ‍ॅक्सिलरेटरची केबल कशी जुळवायची, यावर गॅरेजात चहाच्या फेऱ्या होतात. वायरिंग मात्र शेवटच्या संध्याकाळी, इलेक्ट्रिशियनला हाक मारून, तासाभरात उरकलं जातं. या कामातला सगळ्यात मोठा धोका नेमका त्या तासाभरात गाडीत शिरतो.

माझी गाडी १९८३ सालची मर्सिडीज २३० ई. जाणकार तिला डब्ल्यू १२३ म्हणतात. १९७६ पासून दहा वर्षांत या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. पुण्याजवळ मर्सिडीज तयार होऊ लागली ती १९९५ मध्ये. त्याआधी आपल्याकडे आलेल्या या गाड्या बहुतेक दिल्लीतल्या वकिलातींच्या नाहीतर परदेशी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या असत, आणि त्यातल्या अनेक पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या. मी नोकरीसाठी चंदीगडला आलो आणि इथलाच झालो. पंजाबात या गाडीवर जीव टाकणारी माणसं भेटली आणि यथावकाश एक माझ्याही दारात आली. आधीच्या मालकाने काही लपवलं नव्हतं. इंजेक्शन त्रास देत होतं म्हणून एका गॅरेजात ते काढून वेबरचा कार्ब्युरेटर बसवून घेतला आहे, असं त्याने आधीच सांगितलं होतं. गाडी चालतही छान होती.

या गाडीचं मूळ इंजेक्शन म्हणजे बॉशचं के-जेट्रॉनिक. १९७३ मध्ये आलेली ही रचना जवळजवळ पूर्ण यांत्रिक आहे. आत जाणारी हवा एक गोल तबकडी उचलते, तबकडीचा दांडा फ्युएल डिस्ट्रिब्यूटरमधला प्लंजर वर सारतो आणि तेवढं पेट्रोल चारही इंजेक्टरमधून सतत फवारलं जातं. यात संगणक नाही. त्यामुळेच मिस्त्री मंडळी म्हणतात, ‘यात वायरिंग आहेच कुठे? पंप तेवढा डायरेक्ट करून देतो.’

पण वायरिंग आहे. थंड इंजिनाला सेल्फ मारताना जादा पेट्रोल देणारा कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह विजेवर उघडतो आणि तो किती वेळ उघडा राहील हे थर्मो-टाइम स्विच ठरवतो. इंजिन तापेपर्यंत मिश्रण दाट ठेवणारा वॉर्म-अप रेग्युलेटर आणि थोडी जास्त हवा सोडणारा ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह, या दोघांच्या आत विजेवर तापणारी तार असते. मागच्या बाजूला गाडीखाली पंप असतो, तो साधारण ५ बार दाबाने पेट्रोल ढकलतो. या सगळ्याच्या डोक्यावर बसलेला असतो फ्युएल पंप रिले. त्याला इग्निशनकडून इंजिन फिरत असल्याचे ठोके मिळतात. ठोके येत आहेत तोवर पंप चालू. इंजिन कोणत्याही कारणाने थांबलं की ठोके थांबतात आणि चावी ऑन असली तरी हा रिले पंपाची वीज तोडतो.

हा रिले फक्त इंजेक्शनसाठी आहे अशी समजूत सर्रास आढळते. तो खरं तर अपघातात गाडीतल्या माणसांसाठी आहे. इंजेक्शन गेलं तरी त्याची गरज तशीच राहते. कार्ब्युरेटरला विजेचा पंप जोडलात तर उलट वाढते, कारण फ्लोटची सुई अडकली किंवा नळी निसटली, की पेट्रोल थेट गरम इंजिनावर येतं.

हे मला झिरकपूरच्या अलीकडे, धुक्यातल्या एका सकाळी कळलं. जानेवारीत इथे कधीकधी चार गाड्यांपलीकडचं दिसत नाही. पुढची गाडी अचानक थांबली, मी ब्रेक दाबला, तरी हलकासा धक्का बसलाच. बंपर वाकला, कुणाला खरचटलंही नाही. माझं इंजिन बंद पडलं. शांतता व्हायला हवी होती, पण बॉनेटखालून टकटक, टकटक असा आवाज येत राहिला आणि दोन-तीन श्वासांत गाडीत पेट्रोलचा वास भरला. चावी फिरवल्यावर आवाज थांबला. बॉनेट उघडलं तर पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी निसटलेली होती आणि अर्धं इंजिन पेट्रोलने भिजलेलं. ठिणगी पडली नाही, म्हणून मी हे लिहू शकतो आहे. चावी फिरवायला शुद्धीवर माणूस होता, हेही तितकंच खरं. जोराची टक्कर असती, चालक बेशुद्ध असता, तर टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत किंवा पेट घेईपर्यंत तो पंप चालूच राहिला असता.

गाडी टो करून आणली आणि वायरिंगवरची काळी टेप उलगडायला घेतली. माझं आयुष्य मोजमापाच्या उपकरणांत गेलं, त्यामुळे मल्टिमीटर हाताशी होता आणि घाई नव्हती.

पहिलीच गोष्ट : पंपाची वायर इग्निशन कॉइलच्या १५ नंबरच्या टोकावरून घेतली होती. गॅरेजवाल्यांना ही जागा फार सोयीची वाटते. बॉनेटखालीच आहे, चावीबरोबर चालू-बंद होते, एक थिंबल लावलं की काम झालं. पण जुन्या गाड्यांत इग्निशनच्या या वायरीवर बहुधा फ्यूजच नसतो. वाटेत फ्यूज उडून ऐन ओव्हरटेकमध्ये इंजिन बंद पडू नये, असा त्यामागचा विचार. त्या वायरीवरून पंप चालवला, की पंपालाही फ्यूज राहत नाही आणि इंजिन फिरतं आहे की नाही हे पाहणारंही कुणी राहत नाही. मूळ रिले? तो जागेवर होता. त्याच्या वायरी कापून, टोकं तशीच उघडी सोडली होती.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती प्रत्येक जर्मन गाडीवाल्याने आपल्या इलेक्ट्रिशियनला आधी सांगून ठेवावी. आपल्याकडच्या मिस्त्रींचे हात अ‍ॅम्बॅसेडर आणि मारुतीवर घडले आहेत. या गाड्यांत काळी वायर म्हणजे अर्थ. जर्मन गाडीत अर्थ तपकिरी असते. काळ्या, किंवा काळ्यावर रंगीत पट्टी असलेल्या वायरी तिथे बहुधा चावीनंतरच्या प्लसच्या असतात, आणि लाल म्हणजे थेट बॅटरीचा प्लस. माझ्या गाडीत कुणीतरी कार्ब्युरेटरची अर्थ एका काळ्या वायरीला जोडलेली होती. खूण स्पष्ट दिसत होती. हातभर लांबीत तीन वायरींचं प्लास्टिक वितळून एकमेकींना चिकटलेलं, तांबं जागोजागी उघडं, आणि त्यावर नवी टेप गुंडाळलेली. चावी ऑन करताच धूर निघाला असणार. मग ती वायर कापली, अर्थ दुसरीकडून घेतली आणि जळलेला भाग टेपखाली गेला. मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये मारुतीचं वायरिंग डोळे मिटून करणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताला मी मानतो. पण जर्मन गाडीवर रंगाच्या भरवशावर केलेलं काम उलटं पडतं. या गाड्यांत रंगापेक्षा आकडे बघावेत : ३० म्हणजे बॅटरीचा प्लस, १५ चावीनंतरचा प्लस, ३१ अर्थ, ५० सेल्फ, ८७ रिलेतून बाहेर पडणारी वीज, ८५ आणि ८६ रिलेची कॉइल. हे क्रमांक जर्मन मानकाचे आहेत. फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, सगळीकडे तेच. रिलेच्या पाठीवर ते छापलेले असतात.

तिसरी गोष्ट चोकची. कार्ब्युरेटरला विजेवर तापणारा स्वयंचलित चोक होता आणि तो कधी उघडायचा, कधी नाही. त्याची अर्थ कार्ब्युरेटरच्या अंगातून मिळेल असं धरलं होतं. पण कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड फायबरचा स्पेसर असतो, वर-खाली कागदी गॅस्केट असतात. मग अर्थ मिळते ती फक्त स्टडच्या आट्यांतून, आणि तिचा भरवसा नाही. काळी वायर जोडून धूर निघाल्यावर ज्याने दुसरी अर्थ घेतली, त्याने ती इंजिनाच्या कव्हरच्या रंगवलेल्या बोल्टखाली घेतली होती. चोक अर्धवट बंद राहायचा, गाडी काळा धूर टाकायची, आणि दोष कार्ब्युरेटरच्या नावावर लागायचा.

उन्हाळ्यात परवाणूचा चढ लागला की इंजिन धापा टाकत बंद पडतं, अशी तक्रार आधीच्या मालकाचीही होती. तिचं कारण मला पंप बसवलेल्या जागेत दिसलं. विजेचा पंप पेट्रोल ढकलण्यात तरबेज असतो, ओढण्यात कमजोर. म्हणून तो टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली असावा लागतो. इथे तो बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीत होता. जूनमध्ये चंदीगडचा पारा ४४ च्या आसपास जातो. लांब नळीतून पेट्रोल ओढताना दाब कमी होतो आणि गरम नळीतच त्याची वाफ होते. वाफ पंपाला ढकलता येत नाही. लोक त्यावर ओलं फडकं टाकतात आणि पुढे जातात. पंपाची जागा बदलली की फडक्याची गरज उरत नाही.

इंजेक्शनकडे परत जाणं हा मला सगळ्यात योग्य मार्ग वाटला होता. पण फ्युएल डिस्ट्रिब्यूटर, वॉर्म-अप रेग्युलेटर, इंजेक्टर, सगळं गॅरेजने भंगारात घातलं होतं. म्हणून कार्ब्युरेटर ठेवून वायरिंग नव्याने करायचं ठरवलं. ते करताना लक्षात आलं, की कारखान्याने घातलेल्या वायरींतच जवळपास सगळी सोय आहे. फक्त त्या वाचायला हव्यात.

पंपाचं बघा. मूळ रिलेपासून गाडीच्या मागच्या टोकापर्यंत एक भक्कम वायर आधीच गेलेली असते. जुना उच्च दाबाचा पंप काढून त्याच जागी कमी दाबाचा पंप बसवला, की तीच वायर त्याला लागते. कार्ब्युरेटरला साधारण ०.२ ते ०.३ बार दाब पुरतो. ५ बारचा जुना पंप तसाच ठेवून मध्ये स्वस्तातला रेग्युलेटर घालण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो रेग्युलेटर बिघडला तर फ्लोटची सुई एक क्षणही तग धरणार नाही आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होईल. रिले मूळचाच ठेवा, इग्निशनकडून त्याला येणारी ठोक्यांची वायर पुन्हा जोडा. मग नवा पंपही इंजिनाबरोबर थांबतो.

फ्यूजचा विचार मात्र नव्याने करावा लागतो. जुना पंप बरीच वीज ओढायचा, त्यामुळे त्याचा फ्यूज मोठा. नवा पंप जेमतेम दीड-दोन अँपिअर घेतो. मोठा फ्यूज तसाच राहिला तर पंप जाम होऊन तापला तरी फ्यूज उडणार नाही. पंपाच्या वायरीत वेगळा ५ अँपिअरचा फ्यूज घाला. या गाड्यांत काडतुसाच्या आकाराचे, दोन्ही टोकं निमुळती असलेले फ्यूज असतात : पिवळा ५, पांढरा ८, लाल १६, निळा २५ अँपिअर. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर पांढरी भुकटी धरते आणि फ्यूज शाबूत दिसूनही वीज पोचत नाही. तांब्याच्या पट्टीचे घ्या, आणि फ्यूज बॉक्सच्या पाकळ्या बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या. बॅटरी सोडवून, हे सांगायला नको.

चोकची सोय तर अगदी नेमकी जुळते. वॉर्म-अप रेग्युलेटर आणि ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह यांना वीज पंपाच्याच रिलेतून, म्हणजे इंजिन चालू असतानाच मिळायची. विजेच्या चोकला हेच हवं असतं. त्याला नुसत्या चावीवरून वीज दिली, तर गाडी सुरू न करता चावी ऑन ठेवून कुणी बसलं की चोक तापून उघडतो आणि मग थंड इंजिन सुरू होत नाही. जानेवारीत सकाळी चार-पाच अंश असतात, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. रेग्युलेटरची जुनी वायर चोकला द्यावी आणि चोकची अर्थ वेगळ्या तपकिरी वायरीने थेट इंजिनाच्या उघड्या, घासून स्वच्छ केलेल्या धातूवर घ्यावी. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड विणलेली अर्थची पट्टीही बघून घ्या. इंजिन खोलताना ती सुटते आणि बरेचदा परत लागत नाही. मग सेल्फचा सगळा प्रवाह अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जाम होते.

कार्ब्युरेटरवर आयडलचा सोलेनॉइड असेल तर त्याला चावीनंतरचा १५ नंबरचा प्लस, फ्यूजमधून. तो चावी बंद होताच आयडलचं पेट्रोल तोडतो, नाहीतर तापलेलं इंजिन चावी काढल्यावरही फडफडत राहतं. कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हच्या वायरीत सेल्फ मारताना वीज येते, पण नव्या रचनेत तिला काम नाही. ती कापू नका. टोकावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, मागे वळवून लूममध्ये बांधा आणि त्यावर चिठ्ठी लावा. थर्मो-टाइम स्विचच्या वायरींचंही तसंच. उद्या कुणाला इंजेक्शन परत बसवायचं झालं तर त्याला या वायरी तयार मिळाव्यात.

सामानाबद्दल दोन गोष्टी. घरगुती वायरिंगची पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी बनलेली असते, बॉनेटखाली त्यापेक्षा जास्त तापतं. १०५ अंशांची ऑटो केबल मागून घ्या, दुकानदाराने नाक मुरडलं तरी. आणि पिळून टेप मारलेला एकही जोड ठेवू नका. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून ती घसरते आणि तांबं उघडं पडतं. चांगल्या पक्कडीने दाबलेलं थिंबल आणि वर स्लीव्ह, एवढं पुरे. पेट्रोलच्या नळ्याही याच वेळी बदला. देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं आहे आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. इथेनॉल चालतं असं स्पष्ट छापलेलीच नळी घ्या.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पंपाच्या टोकांवर व्होल्ट मोजा आणि बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत कुठेतरी गंजलेला जोड आहे, तो शोधा. मग खरी परीक्षा : चावी ऑन ठेवून इंजिन बंद असताना मागच्या सीटपाशी कान द्या. रिलेच्या प्रकाराप्रमाणे पंप क्षणभर वाजेल किंवा वाजणारच नाही. तो चालूच राहिला तर कुणीतरी तो डायरेक्ट केला आहे. कार्ब्युरेटर बसवलेली जुनी गाडी विकत घेणाऱ्याने रंग आणि क्रोम बघण्याआधी हे करावं. याच्या जोडीला इनर्शिया स्विचही घालता येतो. धक्का बसताच त्यातली गोळी जागेवरून उडते आणि पंपाची वीज तुटते. मी घातला आहे.

कागदपत्रांचा मुद्दा थोडक्यात, पण तो टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं आहे. इथे सेक्टर १७ च्या नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करा. पीयूसीत भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यामुळे नीट जुळवलेला कार्ब्युरेटर पास होतो. पण २००० नंतरच्या एमपीएफआय गाडीवर हा उद्योग करायचा असेल, तर भारत स्टेज-२ आणि ३ साठी तीच मर्यादा अर्ध्या टक्क्यावर येते. तिथे कार्ब्युरेटरचा विचार सोडून द्यावा हे बरं. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. १९८३ ची गाडी २०३३ मध्ये त्या वयाची होईल.

इतकं सगळं करून माझी गाडी आज निर्धोक आहे, तरी माझं मत विचाराल तर के-जेट्रॉनिक काढूच नये. ते काढलं जातं ते बहुधा निदानाच्या आळसापायी. गेज लावून सिस्टिमचा दाब आणि गरम इंजिनाचा कंट्रोल दाब मोजला, की दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं. गरम गाडी सुरू होत नसेल तर बहुधा अ‍ॅक्युम्युलेटर किंवा पंपाचा चेक व्हॉल्व्ह दाब धरत नसतो, आणि ते भाग बदलता येतात. गाडी बरीच वर्षं उभी राहिली असेल तर डिस्ट्रिब्यूटरमधला प्लंजर जुन्या पेट्रोलच्या राळेने चिकटलेला असतो. स्वच्छ करून तो मोकळा होतो. शिवाय १३६ अश्वशक्तीचं २३० ई चं इंजिन कार्ब्युरेटरवर तेवढा जोर लावत नाही. मर्सिडीजचीच याच इंजिन-घराण्यातली, दोन लिटरची कार्ब्युरेटरवाली २०० होती, तिची ताकद १०९ होती.

पुण्या-मुंबईत, नाशिकला, कोल्हापुरात, कुणाच्या गॅरेजच्या माळ्यावर अशा गाडीचा फ्युएल डिस्ट्रिब्यूटर किंवा वॉर्म-अप रेग्युलेटर फडक्यात गुंडाळून पडला असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा, आत थोडं तेल सोडा, कोणत्या गाडीचा आहे ते त्यावर लिहून ठेवा. तो शोधणारी माणसं अजून आहेत, मीही त्यातला एक.